मलूल पक्ष्याला ओआरएस देताना

बजी, म्हणजे दुकानात लव्हबर्ड म्हणून मिळतो तो छोटा पक्षी, त्याचं वजन असतं जेमतेम 30-40 ग्रॅम. जुलाब झाले किंवा बाल्कनीत ऊन लागलं आणि अंगातलं नुसतं 3-4 मिली पाणी गेलं तरी ते वजनाच्या दहा टक्के होतं, आणि तेवढ्यात जिवावर बेतू शकतं. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, चोच उघडून धापा टाकत ते अंग थंड करतात, त्यामुळे उकाड्यात श्वासावाटेच पाणी जात राहतं.

डोळे आत गेलेले, पायाची कातडी सुरकुतलेली, चोचीत लाळ चिकट होऊन तार धरतेय असं दिसलं की समजायचं पाणी कमी पडलंय.

आता नुसतं पाणी का नाही, ओआरएस म्हणजे मीठ-साखरेचं द्रावणच का? तर आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं, 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या पेशंटना याच तत्त्वावर वाचवलं होतं. मेडिकलमध्ये मिळणारी ओआरएसची 1 लिटरची पुडी असेल तर ती अख्खी 1 लिटर पाण्यातच टाका, अंदाजाने चिमूटभर नको, कारण मीठ जास्त झालं तर एवढ्याशा जिवाला ते विषासारखंच. केलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या.

पण त्याआधी पक्ष्याकडे नीट बघा. धापा टाकतोय तर सावलीत, हवेशीर जागी आणा, पण पिसं फुगवून गारठल्यासारखा बसलाय तर आधी ऊब द्या, थंड पडलेल्या पक्ष्याची अन्नपिशवी नीट काम करत नाही आणि पाजलेलं आतच साचतं. मग कोमट द्रावण सुई काढलेल्या 1 मिलीच्या सिरिंजने चोचीच्या कडेला एक थेंब लावा, तो त्याने स्वतः गिळला की दुसरा. घाई अजिबात करू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पिचकारी मारली तर पाणी थेट फुफ्फुसात. रोजची गरज किलोला साधारण 50 मिली धरतात, म्हणजे बजीला दिवसाला पावणेदोन मिलीच्या आसपास, आणि जे आधी गेलंय ते वर दोन-तीन दिवसांत हळूहळू भरून काढायचं. दूध नको, पक्ष्यांना लॅक्टोज पचत नाही. वाटीत साधं पाणीही राहू द्या.

मान टाकली असेल, शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीच घालू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरकडेच न्या, ते कातडीखाली सलाईन देऊ शकतात.