स्कूल डिस्ट्रिक्टनं कुणाला मत दिलं?

भाची शिकागोच्या उपनगरात घर शोधत होती तेव्हा तिच्या तोंडी सारखा एकच शब्द असायचा: स्कूल डिस्ट्रिक्ट. स्वयंपाकघर लहान असलं तरी चालेल, नवऱ्याचं ऑफिस लांब पडलं तरी चालेल, पण डिस्ट्रिक्ट चांगला हवा. तिकडच्या मराठी मंडळींत घराच्या किमतीआधी यावरच चर्चा रंगते. घर झालं, मुलगी शाळेत जाऊ लागली आणि नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक पार पडल्यावर तिनं फोनवर विचारलं, "मामा, आमच्या डिस्ट्रिक्टनं अध्यक्षपदासाठी कुणाला मत दिलं, ते कुठे बघायला मिळेल?"

कुठेतरी तक्ता असणारच, असं मला वाटलं. काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचा, होता. प्रिसिंक्टचा, म्हणजे साधारण आपल्या एका बूथच्या भागाचा, होता. डिस्ट्रिक्टचा नव्हता.

अमेरिकेतला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्हे. बहुतेक ठिकाणी ते एक छोटं स्वतंत्र सरकारच असतं: स्वतःचं निवडून आलेलं मंडळ, मालमत्ता करातला स्वतःचा वाटा, स्वतःची हद्द. देशभरात असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत. इलिनॉयमध्ये तर कित्येक ठिकाणी एकाच घरावर दोन-दोन असतात, आठवीपर्यंतचा एक आणि हायस्कूलचा दुसरा. या हद्दी ना गावाला जुमानतात, ना काउंटीला. मतं मात्र मोजली जातात प्रिसिंक्टवार. या दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की डिस्ट्रिक्टच्या कडेचे प्रिसिंक्ट मधोमध चिरले जातात.

गंमत अशी की, त्याच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर शाळेच्या करवाढीचा प्रश्न असेल, तर त्याचा निकाल डिस्ट्रिक्टपुरता अचूक मिळतो. तो प्रश्न हद्दीतल्या मतदारांच्याच मतपत्रिकेवर छापलेला असतो. रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला वेगळी मतपत्रिका मिळते. म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर हे निवडणूक कचेरीला नेमकं ठाऊक असतं. पण अध्यक्षपदाचा प्रश्न दोघांच्याही मतपत्रिकेवर असतो, आणि ती मतं प्रिसिंक्टच्या एकाच बेरजेत पडतात.

मग चिरलेल्या प्रिसिंक्टची मतं वाटायची कशी? क्षेत्रफळानुसार वाटली तर फसगत होते. समजा, प्रिसिंक्टचा निम्मा भाग डिस्ट्रिक्टमध्ये आहे, पण तिथे गोल्फचं मैदान आणि तळं आहे. माणसं राहतात पलीकडच्या अपार्टमेंटांत. म्हणून जनगणनेचे सर्वांत लहान तुकडे, ब्लॉक, घेतात आणि तिथल्या प्रौढ लोकसंख्येच्या प्रमाणात मतं वाटतात. यातही एक गृहीतक गुपचूप आत शिरतं: अपार्टमेंटवाले आणि बंगलेवाले एकाच प्रमाणात मतदानाला आले आणि दोघांनी सारखंच मत दिलं. आपल्या सोसायटीच्या दोन विंगांबद्दलही मी हे छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यात २०२० च्या जनगणनेत लोकांची माहिती उघड होऊ नये म्हणून ब्लॉकच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली आहे. आणि २०२० मध्ये व्हर्जिनियासारख्या राज्यानं टपालाची आणि आगाऊ मतं प्रिसिंक्टला न जोडता एकत्र मोजून जाहीर केली, तेव्हा अशी मतं वाटून नकाशे काढणाऱ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

तरीही हा सोपा भाग. डिस्ट्रिक्टच्या आतले अखंड प्रिसिंक्ट नेमके कळतात, घोळ फक्त कडेचा. खरी कसोटी पुढच्या प्रश्नाला लागते, आणि भाचीनं तो लगेच विचारलाच: "पण आमच्यासारख्या शाळेत मुलं असणाऱ्यांनी कुणाला दिलं?"

एक काल्पनिक प्रिसिंक्ट घेऊ. १,००० जणांनी मतदान केलं. ८०० जणांच्या घरी शाळेत जाणारं मूल नाही, २०० पालक आहेत. एका उमेदवाराला ७०० मतं पडली. पालकांबद्दल काय कळलं? सगळ्या २०० जणांनी त्याला मत दिलं असेल किंवा एकानंही नाही. दोन्ही शक्य आहे. म्हणजे काहीच कळलं नाही. पण उरलेल्या ८०० बद्दल बरंच कळलं. पालकांची सगळी २०० मतं त्यालाच गेली असं धरलं, तरी बाकीची ५०० या ८०० मधूनच यायला हवीत. पालकांचं एकही मत त्याला गेलं नाही असं धरलं, तर सगळी ७००. म्हणून त्यांचा पाठिंबा ६२.५ टक्क्यांच्या खाली आणि ८७.५ टक्क्यांच्या वर असूच शकत नाही. खालची सीमा, वरची सीमा. यात अंदाज कुठेच नाही, निव्वळ वजाबाकी आहे. डंकन आणि डेव्हिस या समाजशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये ही रीत मांडली. त्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमन यांनी प्रत्येक प्रिसिंक्ट आलेखावरचा एक ठिपका मानून, त्या ठिपक्यांतून एक रेषा काढून अंदाज बांधायची रीत दिली. ती जास्त बोलते, पण कधी कधी एखाद्या गटाचा पाठिंबा ११० टक्के सांगून मोकळी होते! १९९७ मध्ये राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग यांनी दोन्हींची सांगड घातली.

इतका खटाटोप का? नुसत्या टक्केवारीवरून माणसांबद्दल बोललं की काय होतं, ते समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवलं होतं. त्यांनी १९३० ची अमेरिकी जनगणना घेतली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त. पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षर जास्त. कारण ते स्थलांतरित मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. मुंबई-ठाण्यात बाहेरून आलेले लोक पुष्कळ आणि दरडोई उत्पन्नही जास्त. म्हणून फलाटावर उतरलेला प्रत्येक जण श्रीमंत, असं म्हणण्यासारखंच ते. निवडणुकीच्या रात्री रंगीत नकाशापुढे उभे राहून "या भागातल्या महिलांनी कौल दिला" म्हणणारे विश्लेषक दर वेळी हीच चूक करतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट रामापो स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये हे गणित थेट कोर्टात उभं राहिलं. तिथल्या सरकारी शाळांतली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. ज्यू धार्मिक शाळांत जाणारी मुलं त्यांच्या कितीतरी पट. डिस्ट्रिक्टमधले सगळे मतदार मिळून सगळं मंडळ निवडत, त्यामुळे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतं बुडतात अशी तक्रार होती. कोणत्या समाजाची मतं कुणाला गेली हे ठरवायचं होतं, पण तिथल्या मतदार यादीत वंश लिहिलेला नसतो. तेव्हा तज्ज्ञांनी आडनाव आणि पत्ता यांची सांगड घातली. जनगणना खात्याकडे दीड लाखाहून जास्त आडनावांची वंशवार यादी आहे. उदाहरणार्थ, वॉशिंग्टन आडनावाची दहापैकी जवळपास नऊ माणसं कृष्णवर्णीय असतात. एकेका माणसाबद्दल हा तर्क चुकेल, पण हजारोंच्या बेरजेत चुका बऱ्याच अंशी फिटतात. २०२० मध्ये न्यायालयानं ही पद्धत ग्राह्य धरली आणि प्रभागवार निवडणूक घ्यायला लावली. २०२१ मध्ये अपिलातही निकाल टिकला.

आपल्याकडे ही युक्ती चालणार नाही. पवार, जाधव, शिंदे ही आडनावं किती जातींत आहेत, मोजून बघा. शिवाय तिथे हिशेब जमला तो लोक वेगवेगळ्या वस्त्यांत राहतात म्हणून. मिसळून राहणाऱ्या गावात त्या दोन सीमा शून्य आणि शंभरावर जाऊन बसतात, आणि मतदार झाकलेला राहतो.

आपल्याकडे भीती उलट दिशेची आहे. मतपत्रिकांच्या काळात बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मग मोजत. मतदान यंत्रं आली आणि फॉर्म २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात, बूथवार आकडे उघडे पडू लागले. "तुमच्या वस्तीनं आम्हाला मतं दिली नाहीत" हे कागदावर दाखवता येऊ लागलं. २००८ मध्ये निवडणूक आयोगानं टोटलायझर सुचवला, १४ बूथच्या यंत्रांची मतं एकत्र मोजणारा. केंद्र सरकारनं तो मानला नाही.

भाचीला मी शेवटी पालकांचा एक आकडा दिलाच नाही, दोन दिले, खालचा आणि वरचा. ती वैतागली. तिला म्हटलं, नेमकं उत्तर हवं तर गुजरातेत गीरच्या जंगलात जा. तिथे बाणेजला एका महंतासाठी मतदान केंद्र थाटत. यादीत नाव एकच. त्या केंद्राची मोजणी वेगळी जाहीर केली, तर खालची आणि वरची सीमा एकच निघेल.