व्यवसाय परिचय (प्राथमिक शिक्षण)

प्राथमिक शाळेतील मुलांना परिसरातील व परिसराबाहेरील निरनिराळ्या व्यवसायांची पाहणी, कृती, खेळ आणि संवाद यांतून ओळख करून देण्याचा शैक्षणिक उपक्रम. मुलाने व्यवसाय निवडावा हा त्याचा हेतू नसतो. निवडीची वेळ येईल तेव्हा त्याला पुरेसे पर्याय ठाऊक असावेत, एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे माध्यमिक स्तरावरील व्यवसाय मार्गदर्शनाहून, तसेच एखादे कौशल्य हाती बसावे म्हणून दिल्या जाणाऱ्या व्यवसाय शिक्षणाहून तो वेगळा धरतात. शिक्षण हक्क कायद्यातील (२००९) व्याख्येप्रमाणे पहिली ते आठवी हा आवाका या नोंदीत गृहीत धरला आहे.

उगम : या कल्पनेचा आरंभ नेमका कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. युरोपीय शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअसच्या ‘ऑर्बिस पिक्टस’ (१६५८) या सचित्र बालपुस्तकात सुतार, लोहार, भटारी अशा कारागिरांची चित्रे व माहिती आहे. म्हणून काही अभ्यासक तेथपर्यंत मागे जातात. मात्र त्या पुस्तकाचा मुख्य हेतू भाषा शिकवण्याचा होता. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्या शिकागो येथील प्रायोगिक शाळेत (१८९६) स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम हे अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी होते. ‘करिअर एज्युकेशन’ या नावाने बालवर्गापासूनची योजना अमेरिकेत १९७१ नंतर, शिक्षण आयुक्त सिडनी मार्लंड यांच्या पुढाकाराने रुजली. व्यवसायांचे पंधरा गट करून प्राथमिक इयत्तांत त्यांची केवळ जाणीव करून द्यायची, हा तिचा पहिला टप्पा होता. आजच्या अर्थाचा व्यवसाय परिचय या योजनेला अधिक जवळचा आहे.

भारतापुरता प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. महात्मा फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतून मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि प्रात्यक्षिकासाठी शाळेला लहानशी नमुना शेती जोडावी, असे सुचवले होते. रवींद्रनाथ टागोरांच्या शिक्षासत्र या ग्रामीण मुलांसाठीच्या शाळेचा (१९२४) दाखलाही दिला जातो. तरीही बहुतेक मराठी लेखनात उगम म्हणून वर्धा योजनेकडे बोट दाखवले जाते. ते अर्धेच बरोबर म्हणावे लागेल.

वर्धा योजना : २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शाह आदी सदस्य होते. समितीने डिसेंबर १९३७ मध्ये सात वर्षांचा अभ्यासक्रम मांडला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या हस्तव्यवसायाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणिताला, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला आणि उरलेला वेळ व्यायाम व मधल्या सुट्टीला, अशी विभागणी होती. पुढे हिंदुस्तानी तालीमी संघाने (१९३८) सेवाग्राम येथे ही योजना चालवली.

तिचा गाभा होता समवाय पद्धती, म्हणजे सर्व विषय एका उद्योगाशी जोडून शिकवणे. टकळीवर (हाताने फिरवायच्या चातीवर) पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, धरून सूत काढणाऱ्या मुलाला कापूस कोठे पिकतो हा भूगोल, पीळ दिल्यावर तंतू का टिकतो हे विज्ञान आणि सूत मोजताना गणित, असे सारे त्या एकाच कामातून शिकवायचे. सुताची एक तार चार फुटांची, अशा ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे गुंडी पुरी झाली की मुलाने २,५६० फूट सूत काढलेले असे, आणि हे गुणाकाराचे उदाहरण फळ्यावरून उतरवून घ्यावे लागत नसे. पाहता येईल की येथे उद्योग हे ज्ञानाचे माध्यम आहे, ओळखीचा विषय नव्हे. सात वर्षे सूतकताई केलेल्या मुलाला सूतकताई सखोल कळे. परिचारिका, गवंडी किंवा तारमास्तर काय करतो, हे कळण्याची सोय त्या वेळापत्रकात नव्हती. म्हणून वर्धा योजनेला व्यवसाय परिचयाची जननी म्हणण्यापेक्षा हाताच्या कामाला वर्गात मान मिळवून देणारी पूर्वपीठिका म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, या स्वावलंबनाच्या कलमावर त्याच वेळी टीका झाली. अशा शाळा व्यावसायिक कारागिरांशी स्पर्धा करतील, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ शाह यांनी घेतला. मुलांच्या श्रमाचे शोषण होण्याचा धोका खुद्द झाकीर हुसेन यांनीही बोलून दाखवला होता. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मूलोद्योग शाळा सुरू केल्या. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांच्या पाट्यांवर आजही दिसणारे ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव या परंपरेतले. टकळ्या मात्र बहुतेक ठिकाणी केव्हाच दिसेनाशा झाल्या.

जातीचा प्रश्न : व्यवसाय परिचय आणि वंशपरंपरागत धंदा यांतील सीमा किती नाजूक आहे, हे मद्रास राज्यातील घटनेवरून कळते. मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये ग्रामीण प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणून उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. विरोधकांनी तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, म्हणून झोडपले. पेरियार व द्रविड चळवळीने आंदोलन उभारले, आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना मागे घेण्यात आली.

महाराष्ट्रात असे टोकाचे काही घडले नाही. पण अडचण तीच आहे. परिसर अभ्यासात गावातील कारागीर शिकवताना बारा बलुतेदारांची यादी आपसूक येते आणि वर्गात त्याच आडनावांची मुले बसलेली असतात. कोणाच्या घरी कोणता धंदा चालतो, हे विचारून धडा सुरू करण्याची शिक्षकांची सवय वरकरणी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे सफाई कामगाराच्या किंवा चर्मकाराच्या मुलाला खाली मान घालावी लागू शकते.

मानसशास्त्रीय आधार : व्यवसाय निवडीचे अमेरिकन अभ्यासक एली गिन्झबर्ग यांनी १९५१ मध्ये अकराव्या वर्षापर्यंतच्या काळाला कल्पनेचा टप्पा म्हटले. मुले त्या वयात काहीही व्हायचे म्हणतात, तेव्हा ते फारसे मनावर घेऊ नये, असा अर्थ त्यातून काढला गेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांचा सिद्धांत (१९८१) याच्या उलट दिशेने जातो आणि भारतीय परिस्थितीला तो अधिक लागू पडतो. त्यांच्या मते मूल पर्याय वाढवत नाही, गाळत जाते. सहा ते आठ या वयात ‘हे मुलींचे काम, हे मुलग्यांचे’ या निकषावर, तर नऊ ते तेरा या वयात समाजातील प्रतिष्ठेच्या निकषावर ते व्यवसाय बाद करते. स्वतःची आवड व कुवत यांचा विचार त्यानंतर येतो. प्रतिष्ठेच्या उतरंडीला जातीची जोड असलेल्या समाजात ही गाळणी किती बारीक होत असेल, याचा अंदाज करता येतो. दहावीनंतरचे मार्गदर्शन मग जे उरले आहे त्यातूनच निवड करून देते.

एज्युकेशन अँड एम्प्लॉयर्स या ब्रिटिश संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सात ते अकरा वर्षांच्या सुमारे २०,००० मुलांनी मोठेपणी काय व्हायचे त्याची चित्रे काढली होती. आवडत्या व्यवसायाची माहिती शाळेत आलेल्या पाहुण्यांकडून मिळाल्याचे सांगणारी मुले त्यांत एक टक्क्याहूनही कमी होती.

धोरणे व प्रचलित रूपे : कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा विषय सुचवला, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य सचिव होते. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे रूप दिले. पुढे कागदकाम, शिवणकाम आणि प्रदर्शनातील वस्तू यांपलीकडे हा विषय फारसा गेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली असून, त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, असे म्हटले आहे. ‘कौशल बोध’ या एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) पुस्तकांत कामांची विभागणी सजीवांशी संबंधित, यंत्र व साहित्याशी संबंधित आणि मानवी सेवेची अशी तीन प्रकारे केली आहे. ती बलुत्यांच्या यादीपेक्षा नक्कीच मोकळी आहे.

शाळांतून सर्वाधिक दिसतो तो बाल आनंद मेळावा किंवा बालबाजार. मुले मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, भेळ, इडली मांडून बसतात. सुट्ट्या पैशांची ओढाताण होते. शेवटी नफा काढला जातो. या हिशेबात घरून आलेल्या तेल-पिठाची किंमत आणि आईची सकाळ सहसा धरलेली नसते, त्यामुळे नफा नेहमीच भरघोस दिसतो. शिवाय कितीही दुकाने असली, तरी व्यवसाय एकच, विक्रीचा. क्षेत्रभेट त्या मानाने अधिक फलदायी ठरते, मात्र प्रश्न आधी तयार केलेले हवेत. कुंभाराकडे माती कोठून आणता, आव्यातून (मडकी भाजण्याच्या भट्टीतून) किती मडकी फुटून निघतात, पावसाळ्यात काय करता, असे विचारणारा वर्ग रांगेने चाक पाहून परतणाऱ्या वर्गापेक्षा बरेच घेऊन येतो.

उलट दिशेचा प्रयोग ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील कोसबाड परिसरात झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कुरणशाळेत गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच कुरणात नेण्यात आली. शहरांत खाजगी रूपेही आली आहेत. मेक्सिकोत १९९९ मध्ये सुरू झालेले आणि २०१३ मध्ये मुंबईत आलेले किडझानिया हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. तेथे मुले वैमानिक, अग्निशामक किंवा भटारी होऊन खोटे चलन कमावतात. कोणते व्यवसाय मांडायचे यावर पुरस्कर्त्या कंपन्यांची छाप असणे ओघाने आलेच.

कायद्याची चौकट : बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वच व्यवसायांत बंदी घातली, शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मदत करण्याची मुभा मात्र ठेवली. बंदीमुळे शालेय उपक्रमातील काम शिकण्यापुरतेच ठेवावे लागते. मुभेमुळे सुतारकाम सुताराच्याच मुलाच्या वाट्याला लवकर येते. इतर मुलांनी ते पाहायचे असेल, तर शाळेलाच त्यांना तेथे न्यावे लागते.