सायकलचे झिजणारे पार्ट

सायकलची फ्रेम आजोबांकडून नातवाकडे जाते, पण चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र), ब्रेक रबर, टायर, केबल आणि हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या तुंब्यातले, छर्रे हे झिजणारच, ते वेळेवर बदलायचे असतात. यातली वेळ चुकली तर सगळ्यात महागात पडते ती चेन.

चेन लूज पडली की आपण म्हणतो ताणली, पण पोलाद काही ताणलं जात नाही. आत पिन आणि बुश (पिनेभोवतीची बारीक नळी) एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते आणि शंभरेक सांध्यांची मिळून चेन लांब होते. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला बुश रोलर चेन काढली, आजच्या बहुतेक चेनची मूळ रचना तीच. एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे झीज मोजायला पोलादी फूटपट्टी पुरते. शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर आली तर चेन चांगली, अर्धा सूत पुढे गेली (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे साधारण ०.५ टक्के) तर गिअरच्या सायकलची चेन बदलून टाका, एक सूत गेली असेल तर बहुधा कॅसेटही (गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) गेलेली असते. बिनगिअरच्या साध्या सायकलला मात्र एक सुतापर्यंत चालतं.

चेन वेळेवर बदलायची, कारण लांबलेली चेन फ्रीव्हीलचे दात पण आपल्या मापाने झिजवते. मग अशा दातांवर नवी चेन टाकली की ती नीट बसत नाही, चढावर जोर लावला की सटकते आणि पाय एकदम खाली जातो, भर रहदारीत हे फार धोक्याचं आहे. म्हणून दात टोकदार, शार्कच्या पाठीवरच्या परासारखे वाकडे दिसले तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही सोबतच बदलायचं.

पावसाळ्यात चेन रॉकेलने धुवून पूर्ण वाळवून प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल सोडावं आणि बाहेरचं पुसून टाकावं, बाहेरच्या तेलाला फक्त धूळ चिकटते. मोटारसायकलचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून खूप जण टाकतात, माझ्या मते ते टाकूच नये, त्यात काजळी आणि धातूचा चुरा आधीच असतो.

फ्रीव्हील काढताना त्याच्या खाचेचा टूल लागतो, पेडल मारून मारून ते घट्ट बसलेलं असतं म्हणून टूल व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत) पकडून चाकच स्टेअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं.

ब्रेक रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या की रबर बदला. त्यात रुतलेले खडे टोचून काढत जा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची रिम घासून आत खोलगट होते. केबलचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी केबल नवीन घ्या.

मागचा टायर लवकर जातो, वजन आणि ओढ दोन्ही त्याच्यावर. बदलताना नवा टायर पुढे टाका आणि पुढचा मागे घ्या, कारण पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही.

छर्रे बदलताना जुन्यात नवे मिसळू नका, अख्खा सेट नवा घ्या. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) खड्डे पडले असतील तर तोही बदला. पेडल खोलताना डाव्या बाजूचा आटा उलटा असतो हे विसरलात तर क्रँकचाच आटा जातो.