मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि मग केगाव : सोलापूर विद्यापीठाची पार्श्वभूमी

सोलापुरात १९४० साली दयानंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तिथे शिकणाऱ्याच्या हाती पदवी मुंबई विद्यापीठाची पडत असे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर सोलापूर जिल्हा पुण्याकडे गेला आणि १९६२ च्या नोव्हेंबरात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ उभे राहिल्यावर तो कोल्हापूरकडे आला. आजोबा, वडील आणि नात एकाच महाविद्यालयात शिकले, पण तिघांच्या प्रमाणपत्रांवर तीन वेगळ्या विद्यापीठांची नावे आहेत, अशी घरे सोलापुरात सापडणे अवघड नाही. महाविद्यालये गावची आणि विद्यापीठ मात्र परगावचे, ही स्थिती थोडीथोडकी नव्हे, चौसष्ट वर्षे टिकली.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली तीच मुळी दक्षिण महाराष्ट्रातील ग्रामीण मुलांना पुण्या-मुंबईपर्यंत जावे लागू नये म्हणून, आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून त्या विद्यापीठाने हे काम केलेही. सोलापूरच्या बाबतीत मात्र नकाशा आड आला. सोलापूरहून कोल्हापूर पुण्याइतकेच लांब, आणि पुण्याला निदान थेट मोठी रेल्वे होती. कोल्हापूरच्या दिशेने कुर्डुवाडीवरून पंढरपूर, सांगोलामार्गे मिरजेला जाणारी अरुंद मार्गाची गाडी होती, नाहीतर एसटी. मायग्रेशन प्रमाणपत्र, दुबार गुणपत्रक किंवा गुणपडताळणीचा अर्ज अशा एका कागदासाठी करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जायचे ठरवले, तर दोन दिवस, येण्याजाण्याचे भाडे आणि बहुधा एक मुक्काम ठरलेला असे. स्वतंत्र विद्यापीठाची मागणी अस्मितेच्या भाषेत मांडली गेली हे खरे, पण तिचे मूळ या एसटीच्या तिकिटात होते, असे माझे मत आहे.

मधल्या काळात उच्च शिक्षणाचा पाया इथे बराच विस्तारला होता. शहरात संगमेश्वर आणि वालचंद महाविद्यालये उभी राहिली, १९६० च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या संस्थेने तालुक्याच्या ठिकाणीही महाविद्यालय चालते हे दाखवून दिले. पदव्युत्तर शिक्षणासाठी शिवाजी विद्यापीठाने सोलापुरात आपले केंद्र काढले. पुणे महामार्गावरील केगावचे हे केंद्रच पुढे विद्यापीठाचे बीज ठरले.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले आणि डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू झाले. कार्यक्षेत्र फक्त सोलापूर जिल्हा, म्हणजे अकरा तालुके. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ ही गोष्ट तेव्हा अनेकांना खटकली, कारण आपल्याकडे विद्यापीठाचा पसारा चार-पाच जिल्ह्यांचा असतो अशीच सवय होती. संलग्न महाविद्यालये कमी म्हणजे संलग्नता आणि परीक्षा शुल्कातून येणारा पैसाही कमी, ही शंका रास्त होती. त्यात वैद्यकीय शिक्षण १९९८ च्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामुळे आधीच नाशिककडे गेलेले होते. पण लहानपणाचा फायदाही होता : माळशिरसचा विद्यार्थी असो की मंगळवेढ्याचा, सकाळी निघून काम आटोपून संध्याकाळी घरी परतू शकत होता.

नव्या विद्यापीठाने ‘विद्यया संपन्नता’ हे ब्रीद घेतले आणि स्वतंत्र विभागांऐवजी जवळच्या विषयांना एकत्र बांधणारी संकुले उभी करण्याचा मार्ग धरला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, भूशास्त्र, सामाजिकशास्त्रे अशी ही संकुले आहेत, आणि केगावच्या आवारात आजही विद्यार्थी विभागाचे नाव न घेता ‘संकुलात आहे’ असेच सांगतात. मोजके अध्यापक आणि मोजकी यंत्रसामग्री असलेल्या विद्यापीठाला ही रचना परवडणारी होती. डॉ. स्वामींनंतर डॉ. बाबासाहेब बंडगर आणि डॉ. एन. एन. मालदार हे दोन कुलगुरू रसायनशास्त्रातले होते.

नावाचा प्रश्न नंतर आला. ग्रामदैवत शिवयोगी सिद्धेश्वर यांचे नाव द्यावे अशी एक मागणी होती, तर अहिल्यादेवी होळकर यांचे नाव द्यावे ही दुसरी, आणि दोन्हींच्या मागे मोठा समाज उभा होता. २०१७ मध्ये राज्य सरकारने अहिल्यादेवींच्या नावाची घोषणा केल्यावर विरोध झाला, आंदोलने झाली. अखेर मार्च २०१९ मध्ये ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ‘सोलापूर’ हा शब्द त्यात राहिला, आणि बोलताना गावकरी अजून तेवढाच वापरतात.