"कोळसा आपला, मग सोलर कशाला?" खुलासा वाचा राजेहो

"कोळसा आपल्या चंद्रपूर-वणीतच निघते, सोलर-बिलर हा श्रीमंत देशांचा महागडा नाद" हे पारावर वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चुकीचं आहे. 2017 मध्येच राजस्थानात भाडला सोलर पार्कच्या लिलावात सोलरचा घाऊक दर 2.44 रुपये युनिटवर आला होता. रात्रीसाठी बॅटरीचा खर्च वेगळा, हे खरं. पण कोळसा जमिनीखाली आहे म्हणून वीज पक्की असंही नाही, 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तर चंद्रपूर वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले, कारण कोळशावरच्या (थर्मल) केंद्राला पाणी लागतेच. आणि पंपाचं डिझेल? देश 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, 2022 ला युक्रेनात युद्ध पेटलं अन् जगभर तेल भडकलं. पॅनलचा बराच माल चीनचा असतो, मान्य, पण पॅनल एकदा बसलं की वीस-पंचवीस वर्षं चालते, डिझेल रोज जळते.

आपला माणूस रात्री टॉर्च घेऊन हरभऱ्यात ओलित करायला उतरतो, पायाखाली साप, बाजूला रानडुकरं, अन् मोटर सुरू केली की लाईन गेली, हे कोणत्या हिशोबात धरायचं? सरकारी योजनेतून सौर पंप घेतला तर शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, एससी-एसटीला 5, अन् पाणी दिवसा भेटते. अर्ज करायच्या आधी विहीर-बोअरची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते तेवढं पाहून घ्या.