टेक्स्ट एडिटरमधून टर्मिनल मल्टिप्लेक्सरला कमांड पाठवणे

विम, ईमॅक्स यांसारख्या एडिटरमध्ये उघडलेल्या फाइलमधली ओळ किंवा परिच्छेद तिथूनच टर्मिनल मल्टिप्लेक्सरच्या (एकाच टर्मिनलमध्ये अनेक कप्पे चालवणारा प्रोग्राम) चालू सेशनमध्ये धाडून चालवण्याची पद्धत. पडद्याच्या एका कप्प्यात फाइल असते, दुसऱ्यात पायथन, आर किंवा डेटाबेसचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची जागा. कोड फाइलमध्ये लिहायचा आणि तुकड्यातुकड्याने प्रॉम्प्टवर तपासायचा. कॉपी-पेस्ट वाचते, शिवाय काय काय चालवले ते फाइलमध्ये राहते.

जुना मल्टिप्लेक्सर म्हणजे १९८७ मधला स्क्रीन. आज बहुतेक ठिकाणी दिसतो तो टीमक्स, निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केलेला. २००९ मध्ये तो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ४.६ आवृत्तीसोबत येऊ लागला. सेशन सर्व्हरवर जगते, टर्मिनलच्या खिडकीत नव्हे. समजा सिमरोलच्या आयआयटीतल्या सर्व्हरवर गणित चालू आहे आणि विद्यार्थी इंदुरात मल्हारगंजातल्या घरी बसला आहे. पावसाळी संध्याकाळी लाइट गेली, राउटर बंद पडला, तरी गणित थांबत नाही. पुन्हा जोडणी करून 'टीमक्स अटॅच' म्हटले की काम होते तिथे सापडते. एडिटरही त्याच सर्व्हरवर, त्याच सेशनमध्ये उघडावा. टीमक्स आपल्या यंत्रावरच्या सॉकेट फाइलमधून बोलतो, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवरचा विम सर्व्हरवरच्या टीमक्सला थेट काही पाठवू शकत नाही. मध्ये एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी, घालावे लागते.

मूळ कमांड 'सेंड-कीज'. तिला '-टी' पर्यायाने लक्ष्य सांगतात: सेशनचे नाव, विसर्गचिन्ह, विंडोचा क्रमांक, टिंब, कप्प्याचा क्रमांक. उदाहरणार्थ 'सराफा:१.०'. (म्हणूनच सेशनच्या नावात विसर्गचिन्ह किंवा टिंब चालत नाही, टीमक्स तिथे अधोरेषा घालतो.) पुढे अवतरणात मजकूर आणि शेवटी 'एंटर'. कप्प्यांचे क्रमांक प्रीफिक्सनंतर (टीमक्सला कमांड देण्याआधी दाबायची बटणे) 'क्यू' दाबल्यावर दिसतात, पण कप्पे हलवले की ते बदलतात. टक्के-चिन्हाने सुरू होणारा आयडी कप्पा बंद होईपर्यंत तोच राहतो, तेव्हा स्क्रिप्टमध्ये तोच वापरावा. स्क्रीनमध्ये हे काम 'स्टफ' करते.

सेंड-कीज आंधळेपणाने टाइप करते, आणि बहुतेक घोटाळे इथूनच निघतात. समोर शेल (कमांडी घेऊन चालवणारा प्रोग्राम) आहे की 'लेस' हा फाइल वाचायचा प्रोग्राम उघडा आहे की पासवर्ड विचारला जातोय, हे तिला कळत नाही. कप्पा कॉपी मोडमध्ये असेल, म्हणजे कुणी मागचा मजकूर पाहायला वर सरकवला असेल, तर पाठवलेली अक्षरे कॉपी मोडची बटणे समजली जातात आणि प्रॉम्प्टवर काहीच उमटत नाही. अशा वेळी आधी 'सेंड-कीज -एक्स कॅन्सल' द्यावे. पाठवलेला शब्द एखाद्या बटणाचे नाव असेल, जसे 'स्पेस' किंवा 'अप', तर शब्दाऐवजी ते बटण दाबले जाते. '-एल' पर्यायाने मजकूर जसाच्या तसा जातो. मात्र मग एंटर दुसऱ्या कमांडीने पाठवावे लागते.

एसक्यूएलवाल्यांना सर्वांत छळतो तो शेवटचा अर्धविराम. टीमक्स त्याला आपल्या दोन कमांडींमधली फारकत समजतो. एंटर त्याच कमांडीत असेल तर 'एंटर' नावाची कमांड ओळखीची नाही अशी तक्रार येते. एंटर वेगळे पाठवले तर अर्धविराम गिळला जातो आणि डेटाबेस पुढच्या ओळीची वाट पाहत बसतो. '-एल' इथे कामाचा नाही. अर्धविरामाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी.

अनेक ओळींसाठी सेंड-कीज वापरूच नये. विममध्ये ओळी निवडून 'राइट' कमांडीने, उद्गारचिन्ह देऊन, त्या 'टीमक्स लोड-बफर -' कडे द्याव्यात आणि मग 'पेस्ट-बफर -पी -डी' चालवावे. '-डी' बफर, म्हणजे टीमक्सने तात्पुरता साठवलेला मजकूर, पुसते. '-पी' मुळे, समोरच्या प्रोग्रामने मागणी केलेली असेल तर, मजकूर ब्रॅकेटेड पेस्ट म्हणून जातो: हे टाइप केलेले नाही, चिकटवलेले आहे, असे त्याला कळते. हे नसेल तर आयपायथन हा पायथनचा सुधारित प्रॉम्प्ट स्वतःचे इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) फाइलमधल्या इंडेंटवर चढवतो आणि फंक्शन मोडते. साध्या जुन्या पायथन प्रॉम्प्टला फंक्शनमधली रिकामी ओळ म्हणजे फंक्शनचा शेवट वाटतो. ब्रॅकेटेड पेस्टमध्ये शेवटची नवी ओळ आपोआप चालत नाही. बॅश या शेलमध्ये ५.१ पासून ब्रॅकेटेड पेस्ट मुळातच चालू असते, म्हणून मागून एंटर पाठवावे लागते. विम-स्लाइम हे प्लगइन हीच कामे दोनदा कंट्रोल-सी दाबून करते, पण त्याचे मूळ लक्ष्य स्क्रीन आहे. टीमक्स हवे तर सेटिंग बदलावे.

मराठी मजकूर पाठवताना लोकेल (यंत्रावरची भाषा व अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसेल तर देवनागरीच्या जागी अधोरेषा दिसतात. टीमक्स '-यू' देऊन सुरू करावा. लोकेल ठीक असले तरी काना-मात्रांची रुंदी टर्मिनल आणि टीमक्स वेगवेगळी मोजू शकतात, मग कर्सर एक-दोन घरे सरकलेला दिसतो. डेटा बिघडत नाही, फक्त दिसण्यात गोंधळ होतो.

पाठवणे एकतर्फी असते: कमांड संपली की नाही हे एडिटरला समजत नाही. कप्प्यातला मजकूर 'कॅप्चर-पेन -पी' ने वाचता येतो. थांबायचेच असेल तर पाठवलेल्या ओळीच्या शेवटी, त्याच शेलमध्ये, 'टीमक्स वेट-फॉर -एस' आणि एखादे खुणेचे नाव जोडावे. इकडे त्याच नावाने 'वेट-फॉर' लावले की खूण येईपर्यंत स्क्रिप्ट अडून राहते.