रुमालाची गाठ सोडण्याआधी

पुण्याच्या पेशवे दफ्तरात काम शिकायला बसलं की पहिला शब्द कानावर पडतो तो ‘रुमाल’. चौकोनी कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं म्हणजे रुमाल. गाठ सोडली की घड्या पडलेले लांबट हातकागद दिसतात. शाई सुकवायला टाकलेली वाळू कधीकधी अजूनही बोटांना लागते.

या कागदांचा क्रम मुळात पेशवाईतल्या कारकुनांनी लावला. रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत चढे, त्यातूनच बाबवार नोंदी वेगळ्या काढल्या की त्या ‘घडणी’. प्रांत अजमास (प्रांतांच्या उत्पन्नाचे अंदाज), पागा (घोडदळ), चिटणिशी (पत्रव्यवहार) ही दफ्तरातल्या विभागांची नावंही कामावरूनच पडलेली. म्हणजे कागद कुठल्या पुडक्यात आहे, यावरूनच तो कशासाठी लिहिला ते कळतं. पुडकं विस्कटलं की ही माहिती कायमची गेली. या कामातला पहिला नियम हाच, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

१८१८ मध्ये राज्य बुडालं, दफ्तर इंग्रजांकडे गेलं. त्यांना त्यात इतिहास नव्हे, महसूल दिसत होता. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं आणि कोणाचं इनाम, म्हणजे करमाफीची जमीन, खरं, कोणाचं खोटं हे ठरवायला जुने कागद धुंडाळले गेले. पुढे कितीतरी वर्षं आपल्याच अभ्यासकांना इथे सहज प्रवेश नव्हता. इतिहास संशोधक वि. का. राजवाडे मग गावोगावच्या वाड्यांतून कागद गोळा करत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. १९३० च्या सुमारास इतिहासकार गो. स. सरदेसाई दफ्तरात बसले आणि त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. काम डोंगराएवढं होतं, तरी ती निवडच होती. दफ्तरातले बहुतेक मोडी लिपीतले कागद आजही छापलेले नाहीत.

ते टिकले त्यात शाईचाही वाटा आहे. काजळाची शाई कागद खात नाही. इंग्रजी अमदानीतली लोहयुक्त शाई मात्र अक्षराच्या जागी कागदाला भोक पाडते. काजळाच्या शाईचा वैरी पाणी: एक ओला हात पुरे, ओळ पुसलीच. म्हणून हात कोरडे हवेत, टेबलावर पाण्याची बाटली नको, खूण करायची तर वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं. आणि रुमाल बांधताना पुडकी जशी निघाली तशीच परत ठेवायची.